उरलेला शब्द

मेंदूला अटॅक आला आणि यांच्याकडचे शब्द
एका रात्रीत सांडून गेले.
सिव्हिलमधून घरी आणलं तेव्हा
जिभेवर एकच शिल्लक होता: बॉल.

माझं नाव गेलं. तसंही ते कधी घेत नसत.
मीठ गेलं, दोन्ही मुलींची नावं गेली,
सातपूरच्या कंपनीतला टोकन नंबर गेला,
जो झोपेतसुद्धा बडबडायचे.

बॉल म्हणजे पाणी, शेवट वर चढला तर.
बॉल म्हणजे पंखा बंद कर, ल दाताला चिकटून राहिला तर.
बॉल बॉल बॉल, भराभर: लघवी.
पहिले चार महिने मी चुकत होते.
पंख्याचं म्हणाले की चहा देत होते,
आणि हे, रागाने पाटीवर खडू मोडावा
तसा तोच शब्द माझ्यावर मोडत.

तिडके मॅडम मंगळवारी, शुक्रवारी येतात.
स्कूटीच्या डिकीतून पिवळा स्पंजचा बॉल काढतात.
काका, दाबा. सोडा. आता उभे राहा,
वजन पायाच्या बॉलवर घ्या.
मी म्हटलं, पायाला कुठला आलाय बॉल?
त्यांनी माझाच चवडा दाबून दाखवला.
पासष्ट वर्षं उभी आहे मी त्याच्यावर.

धाकटीची लेक डिक्शनरी घेऊन बसली.
आजोबा, बॉल म्हणजे नाच पण असतो,
मोठ्या लोकांचा, झुंबराखाली, झगे घालून.
हे डाव्या गालाने हसले.
त्या रात्री बाथरूमपर्यंत नेताना
माझा हात यांच्या काखेत, यांचा माझ्या खांद्यावर,
एक पाऊल, थांबा, एक पाऊल,
मोरीच्या उंबऱ्याशी आलो तेव्हा
कानाशी हळूच म्हणाले, बॉल.

अशोकनगरची पोरं खाली खेळतात.
भिंतीवरून आत आला की ओरडतात, काकू, बॉऽल!
आतून हे ओरडतात, बॉऽल!
पोरांना वाटतं सापडला.

माघात भाच्यानं पिंपळगावहून पेटी आणली,
एक्सपोर्टची, मणी असा की अठराच्या रिंगमधून जात नाही.
गिळताना ठसका लागतो म्हणून
मी एकेक मणी उभा चिरून भरवत होते.
एक निसटला, टप्पा घेऊन कपाटाखाली गेला.
झाडूचा दांडा घातला.
बाहेर आलं जळमट, ब्लाउजचं हुक,
मणी, धूळ माखलेला,
आणि मागोमाग घरंगळत एक छर्रा.

एकतीस वर्षं हे इन्स्पेक्शनला.
मशीन पास म्हणालं तरी यांचा अंगठा थांबायचा,
डोळ्याला न दिसणारा ओरखडा
यांच्या कातडीला कळायचा.
हा एक थोरलीला खेळायला आणला होता.
ती मोठी झाल्यावर मी करंड्यात ठेवला,
कंपनीतला सगळ्यात गोल म्हणून
हळदीकुंकवाला बायकांना दाखवायचे.
कधी हरवला, कळलंही नव्हतं.

पदराने पुसून डाव्या हातात दिला.
म्हटलं, आता म्हणा. हा तरी खराखुरा.

अंगठ्याखाली फिरवला. डोळे मिटले.
परत फिरवला.
मग ताटाच्या डाव्या बाजूला, लांब, ठेवून दिला,
रिजेक्टचा ट्रे असायचा तिकडे,
आणि माझ्याकडे बघून मान हलवली.
नाही.

इतकी वर्षं बोलले नव्हते.

तीनचा भोंगा झाला,
दुसऱ्या पाळीच्या सायकली आता थोड्या, बाइकच जास्त.
मी चिरलेला मणी उचलला.
यांनी तोंड उघडलं, आधी म्हणाले
बॉल,
मग खाल्ला.